‘सगळ्या किडींवर एकच उपाय’? रोपांच्या ट्रेबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पाऊस लागला की गोव्यातल्या बागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: घरात ठेवलेल्या रोपांच्या ट्रेभोवती बारीक काळ्या माश्या दिसल्या की समजा, त्या पानं खाऊन रोपं मारताहेत. भांडी घासायचं लिक्विड आणि नीम तेल पाण्यात कालवून सकाळ-संध्याकाळ फवारा. मातीवर दालचिनी आणि हळद भुरभुरा. आगपेटीच्या काड्या गुल खाली करून खोचा. शेजारी व्हिनेगरची वाटी ठेवा. पुढच्या खेपेला मातीऐवजी कोकोपीट घ्या, ते निर्जंतुक असतं म्हणून त्यात कीड होतच नाही. हाच उपाय मावा, पांढरी माशी, फुलकिडे, सगळ्यांवर चालतो. आणि सगळं नैसर्गिक, तेव्हा कितीही वापरा, अपाय नाही.

जून-जुलैत ट्रे आत घेण्यावाचून आपल्याकडे गत्यंतर नसतं. बाहेर राहिला तर एका सरीत बी कप्प्यातून उडून जातं. त्यामुळे मिरची-वांग्याची रोपं बाल्कांवात, खिडकीत, नाहीतर स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाढतात, आणि हा मेसेज वाचणारे खरोखरच अडलेले असतात. म्हणून त्याची थट्टा न करता एकेक दावा बघू.

आधी ती माशी. ट्रेला टिचकी मारली की मातीवरून तुरुतुरु पळणारी, उडाली तरी जेमतेम वीतभर उडणारी, २ ते ४ मिलिमीटरची ही काळपट माशी म्हणजे फंगस नॅट. ती पानं खात नाही, चावतही नाही. आठवडा-दहा दिवस जगते आणि तेवढ्यात ओलसर मातीच्या वरच्या थरात १०० ते २०० अंडी घालून मोकळी होते. चार-सहा दिवसांत अंडी फुटतात आणि पुढचे दोनेक आठवडे खरं काम अळी करते. बुरशी, शेवाळ, कुजणारा काडीकचरा हे तिचं मुख्य खाणं. अळ्या फार झाल्या की कोवळ्या मुळांवर गदा येते. मोठ्या कुंडीतल्या जास्वंदीला त्याचा पत्ताही लागत नाही. पण ९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेमधल्या दोन पानी मिरचीला मुळं ती असतात किती? रोप पिवळं पडतं, वाढ अडते, दुपारी मान टाकतं, आणि आपण फवारत बसतो पानांवर.

म्हणजे मेसेजचा पहिलाच नेम चुकला आहे. डोळ्यांसमोर उडते ती माशी असली, तरी कीड आहे मातीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांत.

पटत नसेल तर कच्च्या बटाट्याची सोललेली चकती मातीवर दाबून ठेवा. दोन दिवसांनी उचलून खालची बाजू उजेडात धरा. अळ्या असतील तर चकतीला चिकटलेल्या दिसतात: ओल्या दोऱ्याच्या तुकड्यासारखं पारदर्शक अंग, आतली काळपट अन्ननलिका बाहेरून दिसणारी, आणि टोकाला चकचकीत काळं डोकं. ते काळं डोकं ओळखायची खूण. एका चकतीखाली एखाद-दुसरी सापडली तर घाबरण्यासारखं काही नाही. झुंबड दिसली तर पुढचं वाचा.

आणखी एक गल्लत इथे होते. सकाळी बघावं तर चार रोपं आडवी, शेजारी माशा, म्हणून माशांनी मारलं. आडव्या रोपाचा बुंधा मातीलगत बघा. तिथे तो पाणी भरल्यासारखा होऊन दोऱ्याइतका बारीक झाला असेल, तर ती रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशीवर्गातल्या रोगकारकांचं ते काम आहे. नॅट त्यांचे बीजाणू एका कप्प्यातून दुसऱ्यात नेऊ शकतात, एवढा संबंध जरूर आहे. पण आडवं झालेलं रोप कुठल्याच फवाऱ्याने उभं राहत नाही. ते कप्प्यातल्या मातीसकट काढून टाकायचं, आणि शेजारच्या कप्प्यांचं पाणी तोडायचं.

पाणी हाच खरा मुद्दा आहे आणि मेसेजमध्ये त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. आपल्या पावसाळी हवेत ओल उडून जायला जागाच नसते. मे महिन्यात रोज पाणी मागणारा ट्रे जुलैत दोन-दोन, तीन-तीन दिवस ओला राहतो. पण हाताला सवय लागलेली असते, सकाळच्या चहाबरोबर तांब्याभर पाणी ओतायची. वरचा थर कधी सुकतच नाही, त्यावर हिरवट शेवाळ धरतं, आणि नॅटला अंडी घालायला याहून चांगली जागा नको असते.

बी रुजेपर्यंत वरचा थर ओला लागतो, हे खरं. पण दोन पानं उघडली की तो वरून सुकू द्यायचा. ट्रे उचलून वजनावरून अंदाज घ्या. हलका लागला तरच पाणी. तेही खालून: परातीत बोटभर पाणी घेऊन ट्रे १५-२० मिनिटं त्यात ठेवायचा, कप्प्यांनी हवं तेवढं ओढून घेतलं की उचलून निथळायचा. मुळांना पाणी मिळतं, वरचा थर कोरडा राहतो. परातीतलं पाणी मात्र लगेच ओतून टाका. ट्रेखालच्या ताटलीत आठवडाभर साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाची सोय, आणि त्यापुढे नॅट परवडले. छोटा टेबलफॅन मंद गतीवर सोडला तर पृष्ठभाग लवकर सुकतो, माशीलाही वाऱ्यात उतरता येत नाही. मातीवर अर्धा-पाऊण सेंटिमीटर कोरड्या भरड रेतीचा थर दिला तरी मदत होते. (रेती किनाऱ्यावरून उचलून आणू नका. तिच्यातलं मीठ रोपांना नॅटच्या आधी संपवेल.)

आता कोकोपीट. ते हलकं असतं, पाणी धरून ठेवतं, प्रो-ट्रेला सोयीचं पडतं, सगळं कबूल. निर्जंतुक मात्र ते नसतं. वीट कोरडी असते तोवर त्यात किडीला थारा नाही एवढंच. भिजवून गोणीत उघडी ठेवली की आठवड्यात तीही नॅटना चालते. वर त्यात अर्धवट कुजलेलं कंपोस्ट मिसळलं तर मेजवानीच. उरलेलं कोकोपीट झाकण लागणाऱ्या डब्यात ठेवा आणि कंपोस्ट पूर्ण मुरलेलं, चाळलेलंच घ्या. पेरणीआधी भिजवताना उकळतं पाणी ओतून, झाकून, पूर्ण थंड करून वापरलं तर आत असलेली अंडी-अळ्या बऱ्याच मरतात. माती उन्हात तापवण्याचा सल्लाही फिरतो. तो चांगला आहे, पण काम एप्रिल-मेचं: ओली माती, वर पारदर्शक प्लॅस्टिक, आणि महिना-दीड महिना कडक ऊन. आषाढात दोन तास ऊन दाखवून काही होत नाही.

दालचिनीच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. तिच्यातल्या सिनॅमल्डिहाइडमुळे प्रयोगशाळेत बुरशी रोखली जाते, हळदीतही तसे गुण सापडले आहेत. पण बशीतला अर्क वेगळा आणि ओल्या मातीवर टाकलेली पूड वेगळी. खालच्या थरातल्या अळीपर्यंत ती पोचत नाही. दमट हवेत या पुडीचा पापुद्रा धरतो, पाणी मुरेनासं होतं, आणि काही दिवसांनी त्या पापुद्र्यावरच पांढरी बुरशी दिसते. पुरुमेताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, आणलेला मसाला असा उधळायला मला तरी जिवावर येतं.

आगपेटीच्या काड्यांचं कारण मेसेजमध्ये ‘गंधक’ असं दिलं आहे. गुलात थोडं गंधक असतं हे बरोबर, पण मोठा वाटा पोटॅशियम क्लोरेटचा. त्याचाच भाऊबंद सोडियम क्लोरेट एकेकाळी तणनाशक म्हणून वापरात होता. चार काड्यांतून उतरणारं प्रमाण इतकं किरकोळ की त्याने अळीचंही काही होत नाही आणि रोपाचंही. काड्या वाया, विषय संपला.

व्हिनेगरच्या वाटीत माशा पडतात खऱ्या. त्यातल्या बहुतेक केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशा असतात. नॅटसाठी पिवळं चिकट कार्ड घ्या आणि मातीलगत आडवं ठेवा. ते मुख्यतः मोजमापासाठी: चिकटलेल्या माशीने कदाचित अंडी आधीच घातलेली असतात, पण आठवड्यागणिक संख्या घटते की वाढते ते कार्डावरून कळतं.

फवाऱ्याकडे येऊ. साबणाचं पाणी अंगावर पडलं तर मावा, पिठ्या ढेकूण असे मऊ अंगाचे किडे मरतात. सुकलं की असर संपला. आता भांड्यांचं लिक्विड हा मुळात साबण नव्हे, डिटर्जंट. तेलकट कढई साफ करणारी वस्तू कोवळ्या पानावरचा मेणाचा थरही साफ करते. मग पानांच्या कडा करपतात आणि त्याला पुन्हा ‘कीड’ म्हणून आणखी एक फवारा बसतो. नीमचं काम निराळं. त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन किडीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, म्हणजे ते अळीवर आणि पिल्लांवर चालतं, उडत्या माशीवर नाही. सकाळ-संध्याकाळ तेल मारलेली दोन पानी रोपं दमट हवेत तेलकट, मलूल होऊन बसतात. वापरायचंच तर तयार नीम कीटकनाशक घ्या, लेबलवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा, ट्रेच्या कोपऱ्यातल्या दोन-चार रोपांवर मारून दोन दिवस थांबा. फवारणी संध्याकाळी, आणि पुन्हा आठवड्याने. ‘नैसर्गिक, म्हणून कितीही’ हे वाक्य तंबाखूलाही लागू पडेल.

सगळ्यात महाग पडणारा दावा शेवटचा, सगळ्या किडी एकच मानण्याचा. मिरचीची कोवळी पानं कडांनी वर वळून होडीसारखी झाली तर संशय फुलकिड्यांवर. खाली वळली तर कोळी (माइट), आणि कोळी हा आठ पायांचा, कीटक नव्हेच. त्याच्यावर पाण्यात विरघळणारं गंधक फवारतात, काडीचं नव्हे. ट्रे हलवल्यावर पानांखालून पांढरा भुसा उडाल्यासारखं झालं तर पांढरी माशी. हिला मात्र हलक्यात घेऊ नका. नॅट फार तर ट्रे घालवतील. पांढरी माशी पर्णगुच्छाचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या चुरडा-मुरड्याचा विषाणू आणते, आणि तो एकदा रोपात शिरला की औषध नाही. काणकोणातल्या खोला गावची मिरची असो की बाजारातलं संकरित बी, चुरडलेलं रोप उपटूनच टाकावं लागतं. इथे उपाय फवारा नसून खिडकीला किंवा ट्रेवर ४० मेशची (इंचाला ४० भोकं असलेली) जाळी, तीही पहिल्या दिवसापासून.

नॅटच्या अळीवर नेमकं चालणारं औषध आहे, ते मेसेजवाल्याला ठाऊक नसावं: बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, थोडक्यात बीटीआय. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्या मारतो. मलेरियाविरुद्ध पणजीतही नव्वदच्या दशकात वापरला गेला. नॅट डासांचे दूरचे नातलग, त्यामुळे त्यांच्या अळ्याही त्याने मरतात. आपल्याकडे तो डासांसाठी म्हणून विकला जातो. परदेशी रोपवाटिकांत मात्र तो पाण्यातून थेट मातीत देतात. अळीने तो खावा लागतो आणि असर थोडेच दिवस टिकतो, म्हणून आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. दुकानात नुसतं ‘बीटी द्या’ म्हणालात तर बहुधा कुर्स्टाकीचं, म्हणजे याच जिवाणूच्या दुसऱ्या प्रकाराचं, पाकीट हातात पडेल. ते फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांसाठी आहे, नॅटवर शून्य उपयोगाचं. पाकिटावरचं पूर्ण नाव वाचून घ्या.

पाणी तोडल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी माशा नाहीशा होणार नाहीत. अंड्यापासून माशीपर्यंतचा फेरा ३-४ आठवड्यांचा, त्यामुळे आधीच मातीत असलेल्या अळ्यांच्या माशा मधल्या काळात निघत राहतात. त्या बघून पुन्हा फवारणीकडे वळू नका, कार्डावरची संख्या बघा. तीन आठवड्यांनीही ती उतरली नाही, किंवा कार्डावर ओळखू न येणारं काही चिकटलं, तर कार्ड पिशवीत घालून तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात दाखवा. अर्ध्याहून जास्त कप्पे रिकामे झालेला ट्रे मात्र वाचवत बसू नये. माती घरापासून दूर उकरून पुरा, ट्रे घासून, ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून पूर्ण सुकवा आणि नवं बी टाका. वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी हंगामातल्या, वांग्यांसाठी अजून वेळ आहे.