ट्रेसी चॅपमनचा 'क्रॉसरोड्स': एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. 'क्रॉसरोड्स'वरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली होती, पण लगेच काहीतरी खरडून मोकळं व्हायचं नव्हतं, म्हणून आधी अमेरिकन गायिका ट्रेसी चॅपमनचे पहिले दोन्ही अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत परत ऐकले आणि मगच लिहायला बसलेय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते: १९८८च्या पहिल्या अल्बममध्ये जिवंत माणसं होती आणि १९८९च्या 'क्रॉसरोड्स'मध्ये नुसती कुरकुर आणि भाषणं आहेत, चाली संथ नि एकसारख्या आहेत, तिच्याकडची चांगली गाणी पहिल्याच फटक्यात संपली होती, आणि मी फॅन असल्यामुळे मला यातलं काही दिसत नाही.

भाषणांचं आधी घेते कारण तिथे तुम्ही मला खरंच अडवलंत. 'क्रॉसरोड्स'मधलं 'मटेरियल वर्ल्ड' मी परत ऐकलं आणि त्यानंतर लगेच पहिल्या अल्बममधलं 'माउंटन्स ओ थिंग्ज' लावलं. विषय जवळपास तोच, पैसा आणि वस्तूंचा सोस. पण जुन्या गाण्यात बोलणारी बाई स्वतःच त्या वस्तूंची स्वप्नं बघतेय, तिला ते सगळं हवंय, म्हणून ऐकताना आपल्यालाही आतून टोचतं, कारण ती हाव आपल्याला ओळखीची असते. 'मटेरियल वर्ल्ड'मध्ये मात्र 'तुम्ही' म्हणून समोरच्याकडे बोट आहे आणि ऐकणारा आपोआप विचार करतो की हे माझ्याबद्दल नाही, दुसऱ्या कोणाबद्दल तरी चाललंय. गाणं तिथेच हातातून सुटतं. हे मला इतकी वर्षं जाणवलं नव्हतं, तुमच्यामुळे जाणवलं.

पण म्हणून सगळ्या अल्बमवर 'भाषणं' हा शिक्का? 'सबसिटी' परत ऐका ना. शहराच्या खालच्या थरात राहणारं एक माणूस बोलतंय, आणि आपल्याकडे साफ दुर्लक्ष केल्याबद्दल राष्ट्राध्यक्षांना आदरपूर्वक नमस्कार कळवा म्हणतंय. एवढ्या एका नमस्कारात जो अपमान आणि राग आहे तो दहा घोषणांत येत नाही. पहिल्या अल्बममधल्या 'फास्ट कार' गाण्यातल्या मुलीइतकंच हे माणूस मला खरं वाटतं. फरक इतकाच की त्या मुलीच्या हातात निदान गाडीचं स्वप्न होतं, याच्याकडे तेही नाही, म्हणून ते ऐकायला जड जातं.

आता कुरकुर. तुमचा रोख मुख्यतः शीर्षकगीतावर आहे, की एवढं यश मिळालं तरी ही बाई लोकांवर वैतागलेलीच. इथे मी अजिबात सहमत नाही आणि का ते जरा लांबून सांगावं लागेल. ही मुलगी टफ्ट्स विद्यापीठात शिकता शिकता बॉस्टनजवळच्या हार्वर्ड स्क्वेअर चौकात रस्त्यावर गिटार घेऊन गायची. एप्रिल १९८८मध्ये पहिला अल्बम आला. ११ जूनला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाची मोठी कॉन्सर्ट होती, तिथे ती आपली छोटी हजेरी लावून गेलीसुद्धा होती, पण गायक स्टीव्ही वंडरच्या सिंथेसायझरसाठी लागणारी डिस्क ऐन वेळी सापडेना म्हणून तो ठरलेल्या वेळी गाऊ शकला नाही आणि रिकामी झालेली वेळ भरायला हिला परत स्टेजवर पाठवलं, एकटी, एक गिटार, आणि जगभरच्या टीव्हीवर 'फास्ट कार'. तिथून पुढे अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे अल्बम एक नंबरला, मग मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या अॅम्नेस्टी संस्थेच्या जगभरच्या टूरवर स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, युसू एन्दूर यांच्याबरोबर, मग फेब्रुवारी १९८९मध्ये तीन ग्रॅमी, आणि त्याच ऑक्टोबरात 'क्रॉसरोड्स'. दोन अल्बममध्ये सगळे मिळून दीड वर्ष. वय पंचवीस.

त्या दीड वर्षात तिच्या गाण्यातल्या 'मी'चं काय झालं असेल याचा विचार करा. पहिल्या अल्बममधला 'मी' बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचा तरी असतो. 'बिहाइंड द वॉल'मध्ये ती भिंतीपलीकडचं भांडण ऐकणारी शेजारीण आहे, वाद्य एकही नाही, नुसता आवाज. 'फास्ट कार'मधली मुलगी बापासाठी शाळा सोडते, ट्रेसी स्वतः तर कॉलेजात शिकलेली. ती दुसऱ्यांच्या घरात शिरून बोलू शकत होती कारण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. आणि मग अचानक सगळे तिच्याकडेच बघायला लागले. शीर्षकगीतात ती म्हणते की लोकांना वाटतं माझं आयुष्य त्यांच्या मालकीचं आहे, आणि मला माझा आत्मा विकायचा नाहीये. याला तुम्ही तक्रार म्हणता. मला ती त्या वेळची तिची सगळ्यात खरी अवस्था वाटते. ते न सांगता तिने अजून एक 'फास्ट कार' पाडलं असतं तर मला ते खोटं वाटलं असतं, आणि मला वाटतं तुम्हालाही वाटलं असतं. शेवटच्या गाण्यात, ज्यात गायक-गिटारवादक नील यंगने साथ केलीय, तीच गोष्ट आईच्या उपदेशाच्या रूपात येते आणि तिथे कडवटपणा गळून गेलेला असतो. म्हणून मी मूळ लेखात म्हटलं होतं की हा अल्बम सुटी गाणी उचलून ऐकू नका, क्रमाने ऐका.

राजकीय गाणी फॅशन म्हणून घातली असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. 'फ्रीडम नाऊ' मंडेलांसाठी आहे आणि अल्बम आला तेव्हा ते अजून तुरुंगातच होते, सुटले ११ फेब्रुवारी १९९०ला. ज्या माणसाच्या वाढदिवसाच्या स्टेजवरून तिचं नाव जगभर झालं त्याच्या सुटकेची मागणी पुढच्याच अल्बममध्ये करणं, याला मी तरी फॅशन म्हणणार नाही.

चांगली गाणी संपली होती हे तर सरळ चूक. 'गिव्ह मी वन रीझन' तुम्हाला आवडतं असं तुम्हीच लिहिलंय. ते अल्बममध्ये आलं १९९५ला आणि अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, पण ती ते डिसेंबर १९८९मध्येच टीव्हीवर 'सॅटर्डे नाईट लाइव्ह'मध्ये गायली होती, म्हणजे 'क्रॉसरोड्स' येऊन जेमतेम दोन महिने झाले होते!

विक्रीचं म्हणाल तर पहिल्यापेक्षा बरीच कमी झाली हे खरं, अमेरिकेत नवव्या नंबरपर्यंतच पोचला, पण ब्रिटनमध्ये हाही एक नंबरला होता. आणि २०२३मध्ये कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सने 'फास्ट कार' परत गाजवलं, 'क्रॉसरोड्स'मधलं काही गाजलं नाही, हेही खरंच. पण गाण्याचा कस त्यावर लावायचा तर मग आपण दोघंही एवढं लिहितोय कशाला?

संथपणाबद्दल मी पूर्ण वाद घालत नाही. निर्माता तोच डेव्हिड कर्शनबॉम, फक्त यावेळी त्याच्याबरोबर तिचंही नाव आहे, त्यामुळे साऊंड जवळपास तोच राहिला आणि चाली मात्र आत वळलेल्या, म्हणून सलग ऐकताना मधे थोडं मंदावल्यासारखं होतं. 'ब्रिजेस'ला मलाही दरवेळी थांबून राहावं लागतं. 'बी केअरफुल ऑफ माय हार्ट'ला नाही, कारण पहिल्या अल्बममधलं 'बेबी कॅन आय होल्ड यू' ज्या आवाजात ऐकलंय त्याच आवाजात आता सांभाळून, जपून राहणारी बाई ऐकू येते आणि काळजात काहीतरी हलतं.

फॅन आहे, हो, मनापासून आहे. पण मूळ लेखात 'यात एकही गाणं कमी पडत नाही' असं जे वाक्य होतं ते आज काढलंय आणि त्याजागी 'मटेरियल वर्ल्ड'बद्दल वर लिहिलंय तेच टाकलंय, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. 'सबसिटी' एकदा हेडफोन लावून, शब्दांकडे लक्ष देऊन ऐका, आणि तरीही ते भाषणच वाटलं तर तसं जरूर लिहा, मी वाट बघतेय.