‘यीस्ट उपाशी ठेवा, बीजाणू घ्या’: मेसेज कुठे चुकतो

प्रात्यक्षिकं जवळ आली की विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत बी.एस्सी.च्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: “बेकरीचं यीस्ट पाण्यात उपाशी ठेवा. आयएमई१ जनुक चालू होतं, प्रत्येक पेशीत चार बीजाणू. एकदा सुरू झालं की थांबत नाही. तसंही पाकिटातले दाणे म्हणजे बीजाणूच.”

शेवटचं आधी निकालात काढू. ते दाणे वाळवलेल्या साध्या पेशींचे. त्यांना तगवण्यात ट्रेहॅलोज साखरेचा मोठा वाटा. बेकरीच्या वाणांत गुणसूत्रांचे संच बरेचदा दोनाहून जास्त असतात, म्हणून बीजाणू कमी आणि कमजोर. प्रयोगशाळेचा डिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोन संच असलेला) वाण मागवा. भरपूर बीजाणू धरणारा एसके१ वाण मिळाला तर उत्तमच.

“उपाशी ठेवा” हे अर्धंच खरं. ग्लुकोज आणि नायट्रोजन दोन्ही तुटले पाहिजेत, हे ठीक. पण हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीत आरएमई१ प्रथिन आयएमई१ला दाबून धरतं. ती महिनाभर उपाशी ठेवली तरी बीजाणू धरत नाही. डिप्लॉइडमध्ये ए१ आणि अल्फा२ ही प्रथिनं मिळून आरएमई१लाच बंद करतात, तेव्हा कुठे आयएमई१ मोकळं होतं. शिवाय अर्धसूत्री विभाजनाला (ज्यातून बीजाणू तयार होतात) ऊर्जा लागते, ती श्वसनातून. म्हणून नुसतं पाणी नको, १ टक्का पोटॅशियम अॅसिटेट घ्या. आधी पेशी अॅसिटेटच्या माध्यमात वाढवा, दोनदा धुवा. साखरेचा अंश राहिला की आयएमई१ दबलेलंच. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये २५ मिलीच भरा, २५ ते ३० अंशांवर ३ ते ५ दिवस हलवत ठेवा. आपल्याकडे घोडं अडतं ते इथे: लाइट गेली की शेकर थांबतो, ऑक्सिजन तुटतो आणि अॅसिटेट जळत नाही. मार्च-एप्रिलच्या तापलेल्या खोलीत तर बीजाणूंची आशाच सोडा.

सगळं जमलं तरी प्रत्येक पेशी बीजाणू धरेल असं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पटीत पिशवीत (बीजाणूंभोवतीच्या मूळ पेशीच्या आवरणात) तीनच गोळे दिसले तर घाईने तीन लिहू नका. बारीक फोकस फिरवा, चौथा बहुधा खाली दडलेला असतो.

“थांबत नाही” हेही चूक. आयएमई१ प्रथिन यूएमई६ या दुसऱ्या प्रथिनाला धरून सुरुवातीची जनुकं चालू करतं, डीएनएची प्रत निघते, गुणसूत्रांत देवाणघेवाण सुरू होते. इथवर पेशी पौष्टिक माध्यमात परत टाकली तर ती मुकाट्याने नेहमीच्या विभाजनाकडे वळते. परतीचा रस्ता बंद होतो तो एनडीटी८० हे पुढचं जनुक जोरात चालू झाल्यावर. एनडीटी८० काढून टाकलेला वाण आयएमई१ शाबूत असूनही पहिल्या विभाजनाआधीच अडकतो, बीजाणू धरत नाही.