‘कोच स्वतः शोधत येतात’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

महिनाभरात हा मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. एकदा आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या ग्रुपवर, एकदा मुलीच्या पोहण्याच्या क्लबातल्या देशी आईबापांकडून, आणि तिसऱ्यांदा पुण्याच्या मावसभावाकडून. त्याने खाली एवढंच विचारलं होतं, “ताई, हे खरं आहे का गं?” त्याचा मुलगा टेनिस खेळतो आणि त्याने यंदा दहावीची परीक्षा दिली.

मेसेजचा मजकूर साधारण असा: अमेरिकेत खेळाच्या कोट्यवधी डॉलरच्या शिष्यवृत्त्या कुणी अर्जच करत नाही म्हणून पडून राहतात. मूल चांगलं खेळत असेल तर कॉलेजचे कोच स्वतः शोधत येतात. एकदा मिळाली की चारही वर्षं फुकट. मार्क कुणी बघत नाही. लहानपणीच एक खेळ धरा, झकास व्हिडिओ बनवा आणि चांगली एजन्सी गाठा. खाली अर्थातच एका एजन्सीचा नंबर.

पैसे पडून राहतात, ही पहिलीच थाप. ही शिष्यवृत्ती म्हणजे फॉर्म भरून उचलायचा एखाद्या ट्रस्टचा पैसा नव्हे. ती कोचच्या हातातली रक्कम असते आणि पुढच्या वर्षी संघात ज्या जागा रिकाम्या होणार त्या भरायला तो ती वापरतो. त्याला बॅकस्ट्रोकवाली हवी असेल, तर तुमची ब्रेस्टस्ट्रोकवाली कितीही गुणी असो, तिथे तिच्यासाठी काही नाही. काही कॉलेजं तर नियमात बसेल तेवढा पैसाही आपल्या संघांना देत नाहीत. ‘न वापरलेल्या’ शिष्यवृत्त्या असल्याच तर त्या अशा, कागदावरच्या. कॉलेजांच्या खेळांचा बहुतेक कारभार पाहणारी एनसीएए स्वतःच सांगते की हायस्कूलच्या खेळाडूंपैकी जेमतेम २ टक्क्यांना खेळाची शिष्यवृत्ती मिळते, आणि त्यात थोडीथोडकी मिळणारेही आले. शिवाय क्रिकेट, बॅडमिंटन, टेबल टेनिस आणि कबड्डीची एनसीएएत राष्ट्रीय स्पर्धाच नाही. आमच्या एडिसनमध्ये शनिवार-रविवार बॅडमिंटनच्या कोर्टाबाहेर गाड्या लावायला जागा नसते. त्यातल्या किती आईबापांना हे कुणी सांगितलंय, देव जाणे.

एनसीएएत कॉलेजांचे तीन विभाग आहेत आणि तिसऱ्या विभागात खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. हार्वर्ड-येलसह आयव्ही लीगची आठही विद्यापीठं पहिल्या विभागात असूनही देत नाहीत. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने १९९९ ते २०११ सलग १३ वर्षं स्क्वॉशचं राष्ट्रीय विजेतेपद राखलं, ओळीने २५२ सामने जिंकले. त्या संघांतून भारतातली मुलंही खेळली. पण ट्रिनिटी तिसऱ्या विभागातलं. तिथे मदत मिळते ती घरची ऐपत बघून, स्क्वॉश बघून नव्हे. अशा ठिकाणी खेळामुळे प्रवेशाचं दार किलकिलं होतं, हे मात्र खरं. २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत आईबापांनी पोरांना खोटे खेळाडू ठरवलं होतं, तेही प्रवेशासाठीच. पैशांची ददात त्यांना नव्हतीच.

‘चारही वर्षं फुकट’ हे अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल बघून लिहिलेलं दिसतं. २०२४-२५ पर्यंत पहिल्या विभागातल्या मुलग्यांच्या टेनिस संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या देता येत होत्या आणि त्या आठ-दहा जणांत वाटायच्या. मुलग्यांच्या पोहण्याला ९.९, बेसबॉलला ११.७. एखाद्याला पाव, एखाद्याला नुसता पुस्तकांचा खर्च. जून २०२५ मध्ये कोर्टाने एका मोठ्या खटल्यातला समझोता मंजूर केला आणि त्यात सामील झालेल्या कॉलेजांसाठी ही मर्यादा गेली. त्याऐवजी संघात किती मुलं ठेवायची यावर मर्यादा आली, टेनिसला १०. आता कागदावर दहाच्या दहा जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. पण त्याच समझोत्याने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभाही दिली, आणि मोठ्या कॉलेजांत तो पैसा मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो. टेनिसच्या वाट्याला काय उरेल ते त्या त्या कॉलेजवर. म्हणून या विषयावरचं काहीही पुढे ढकलण्याआधी त्याची तारीख बघा. आणि बऱ्याच शिष्यवृत्त्या वर्षा-वर्षाच्या असतात. पहिल्या पत्रात ‘चार वर्षं’ असं लिहिलेलं नसेल, तर ती चार वर्षांची नाही.

आता ‘कोच शोधत येतात’. याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण हे वाचून आईबाप वाट बघत बसतात. देशातल्या पहिल्या शंभरातल्या मुलांकडे कोच जातात, हे खरं. बाकीच्यांना स्वतःच लिहावं लागतं, आणि कधी लिहायचं याचेही नियम आहेत. पहिल्या विभागात बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कोचला मुलाशी थेट पत्रव्यवहार करताच येत नाही. माझ्या भाच्याने नववीत सात कोचना ईमेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही, आणि घरात सुतक. अरे, उत्तर द्यायची त्यांना परवानगीच नव्हती! त्यात आता एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणं खेळाडूंना सोपं झालंय. कोचला अठरा वर्षांचं कच्चं पोर घेण्यापेक्षा एकवीस वर्षांचा तयार खेळाडू घेणं परवडतं. हायस्कूलच्या मुलांच्या जागा त्यानेही आटल्या आहेत.

एजन्सीचं सांगते, कारण आम्हीही पैसे भरले होते. कुठली ते विचारू नका. त्यांनी दोनशे कोचना एकच पत्र पाठवलं. त्यातल्या एका कॉलेजातून फार सभ्य उत्तर आलं की आमचा पोहण्याचा संघ बंद होऊन बरीच वर्षं झाली. मग मुलीने स्वतः लिहिलं, तलावाबाहेर गाडीत बसून, ओल्या केसांचं पाणी फोनवर टिपटिपत असताना. विषयाच्या ओळीत कुठल्या वर्षी पास होणार ते, प्रकार आणि वेळ. खाली चार ओळी: १०० यार्ड बॅकस्ट्रोकची वेळ, वर्षभरात ती किती सुधारली, ग्रेड, आणि याच कॉलेजात का. दोन दिवसांनी एका कोचचं एका ओळीचं उत्तर आलं: “दुसऱ्या पन्नासला किती लागतात?” खरी बोलणी तिथून सुरू झाली. त्याला झगमगाट नको होता. शेवटच्या लांबीत पोरगी मरगळते का, एवढंच बघायचं होतं.

व्हिडिओचं उत्तरही यातच आलं. पोहणं आणि धावणं यात घड्याळ बोलतं. फक्त इथला कॉलेजचा हंगाम २५ यार्डांच्या तलावात होतो. पुण्यामुंबईच्या मुलाने ५० मीटरच्या तलावातली वेळ पाठवताना तसं स्पष्ट लिहावं, नाहीतर तो उगाच मंद दिसतो. टेनिसला कोच आधी यूटीआर, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा बघतात, मग न कापलेला एक अख्खा सेट. व्हॉलीबॉल, सॉकरला व्हिडिओ लागतो, पण तीन-चार मिनिटांचा, पार्श्वसंगीताशिवाय.

मार्क बघत नाहीत? पहिल्या विभागात खेळायला हायस्कूलचे १६ मुख्य विषय आणि त्यांत चारपैकी किमान २.३ सरासरी लागते. त्यातले दहा बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत. भारतातल्या मुलांच्या दहावी-बारावीच्या मार्कशीट तपासल्या जातात. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट २०२३ पासून गेली, हा एक दिलासा. पण हा झाला उंबरठा. खरी रक्कम बऱ्याचदा अभ्यासाच्या शिष्यवृत्तीतून येते, आणि ती कोचच्या खिशातून जात नाही म्हणून मार्कवालं मूल त्याला स्वस्त पडतं. आमची लेक शेवटी तिसऱ्या विभागात गेली. पोहण्याबद्दल शून्य डॉलर. अभ्यासाबद्दल जे मिळालं, ते पहिल्या विभागातल्या एका कोचने देऊ केलेल्या रकमेहून जास्त होतं.

लहानपणीच एक खेळ धरण्याबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला नेमका उलटा आहे: पंधरा-सोळापर्यंत थांबा. आमच्या क्लबात तेराव्या वर्षी खांद्याला बर्फ लावून बसणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. जास्त लिहीत नाही.

मेसेजमध्ये टेनिसपटू सोमदेव देववर्मनचंही नाव आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना त्याने २००७ आणि २००८ मध्ये एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं, अगदी बरोबर. पण संपूर्ण अमेरिकेत वर्षाला असा एकच जण असतो.

मावसभावाला मी एवढंच काम दिलं: मुलाला आवडतील ती कॉलेजं काढ, प्रत्येक संघातल्या सहाव्या नंबरच्या खेळाडूचा यूटीआर बघ, कारण एकेरीत सहाच जण उतरतात, आणि दोन वर्षांनी कोण कोण पास होऊन बाहेर पडतंय ते लिही. काल रात्री यादी आली. अकरा कॉलेजं, सगळे रकाने नीट भरलेले. सोबत कोचला पाठवायच्या ईमेलचा मसुदाही होता. त्यात “माझ्या लहानपणापासूनच्या अथक परिश्रमांचे फळ म्हणून” असं वाक्य आहे, तेव्हा तो कुणी लिहिलाय ते कळलंच. परत पाठवलाय.