चलन आपोआप रद्द होत नाही, दाजी

"सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल! ई-चलन भरू नका!" मथळ्याच्या दोन्ही बाजूंना लाल भोंगे, तळाला "प्रत्येक वाहनचालकापर्यंत पोहोचवा". हा मेसेज एव्हाना सातारा-कराड पट्ट्यातल्या बहुतेक ग्रुपांवर फिरून झाला असेल. आमच्या घरच्या ग्रुपवर तो दाजींनी टाकला. दाजी मास्तर होते, त्यामुळे त्यांनी टाकलेलं खरंच असणार, असं घरात सगळे धरून चालतात. भाचा पिकअपवर कराडहून पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी नेतो. त्याने मेसेज वाचला, चलनाचे सगळे एसएमएस पुसून टाकले आणि मला फोन केला, "मामा, आता एक रुपया भरायचा न्हाय. कोर्टानंच सांगितलंय." तेव्हा गप्प बसवेना. दाजींचा मान राखूनच लिहितो, मेसेजचा मान मात्र राखणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. केंद्राने हायवेची वेगमर्यादा ताशी १०० केली आहे, त्याखालचं प्रत्येक चलन बेकायदा. पंधरा दिवसांत नोटीस आली नाही तर चलन रद्द, सहा महिने गेले की आपोआप शून्य. दिवसात एकदा चलन झालं की त्या दिवशी पुन्हा होत नाही. हवालदाराला गाडी थांबवायचा अधिकारच नाही, त्यामुळे हात केला तरी थांबू नका. पोलिसाला चावी काढता येत नाही. लोकअदालतीत सगळं माफ होतं. आणि शेवटी, तुमचं चलन शून्य झालं का ते पाहायला एक लिंक.

आधी तो "निकाल". खटल्याचं नाव नाही, तारीख नाही, न्यायाधीश कोण ते नाही. सुप्रीम कोर्टाने या विषयात खरोखर काय केलंय ते तर नेमकं उलटं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये रस्ता सुरक्षेच्या खटल्यात कोर्टाने राज्यांना बजावलं, की मोटार वाहन कायद्यातलं कलम १३६अ अमलात आणा. म्हणजे कॅमेरे आणि स्पीडगन लावून वेगावर नजर ठेवा. ज्या कोर्टाने कॅमेरे लावायला सांगितलं, त्याच्याच नावावर कॅमेऱ्याचं चलन फाडून टाका म्हणणारा मेसेज फिरतोय.

आता सगळ्यात घातक मुद्दा. हात केला तरी थांबू नका.

हे कुठून आलं तेही सांगतो, कारण पूर्ण हवेतलं नाही. कलम १३२ मध्ये गाडी थांबवण्याबाबत गणवेशातला "उपनिरीक्षक किंवा त्यावरचा" अधिकारी असे शब्द आहेत. कुणीतरी तेवढं एक कलम वाचलं आणि पुस्तक मिटलं. त्याच कायद्यातलं कलम ११९ म्हणतं की वाहतूक नियंत्रणाचं काम करणाऱ्या कोणत्याही पोलिसाच्या सूचना पाळायच्या. कलम १३० म्हणतं की गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवायचं. इथे दर्जाची अट नाही. आता चालत्या गाडीतून लायसन्स कसं दाखवणार, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक. सूचना मोडली तर कलम १७९ खाली वेगळा गुन्हा. म्हणजे वेगाचा दंड वाचवायला जाऊन दुसरं लफडं अंगावर घ्यायचं.

पण कलमं जरा बाजूला ठेवू. पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटात ट्रेलर आडवा झाला की वळणाच्या अलीकडे रस्त्यात उभा राहून हात करतो तो हवालदारच. रात्री, पावसात, धुक्यात. तिथे उपनिरीक्षक येईपर्यंत आमच्या भाच्याने गाडी दामटत राहायचं का? साताऱ्याकडून जाताना तिथल्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडलं की लगेच उतार आणि ते इंग्रजी एस आकाराचं वळण, हे या भागातल्या पोराटोरांना माहीत आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिथेच मजुरांचा टेम्पो उलटून १८ जण गेले. ताशी १०० ने निघालेली गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. हात दिसला, थांबावं की नको असा विचार केला, तोवर वळण संपलेलं असतं.

आणि हाच १०० चा आकडा मेसेजने पहिल्या नंबरला छातीठोकपणे दिलाय. केंद्राची एप्रिल २०१८ ची अधिसूचना आहे, खरी आहे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारींना १०० आणि एक्स्प्रेसवेवर १२०. पण ही कमाल मर्यादा आहे. कलम ११२ नुसार एखाद्या रस्त्यावर किंवा टप्प्यात ती कमी करायचा अधिकार राज्याला आहे. घाट, शाळा, गावातून जाणारा रस्ता यांच्यासाठीच तर ती सोय ठेवलेली असते. शिवाय ते १०० मोटारींसाठी. मालवाहू गाड्यांना त्याच अधिसूचनेत मर्यादा कमी आहे. भाच्याची पिकअप मालवाहू आहे, हे मेसेजला कोण सांगणार?

इथे मात्र, नाइलाजाने का होईना, मेसेजच्या बाजूने थोडं बोलावं लागतं. कमी केलेली मर्यादा फलकावर दाखवायला हवी, ही अटही कायद्यातच आहे. आणि आपल्याकडचे फलक कसे असतात ते साताऱ्याजवळच्या शेंद्र्यापासून खाली कराडपर्यंत गाडी चालवणाऱ्याला विचारा. सहापदरीकरणाच्या कामात डायव्हर्जनला ३० चा फलक लावला जातो, डायव्हर्जन पुढे सरकतं, फलक मागेच राहतो. एखादा बाभळीत शिरलेला, एखाद्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स. मर्यादा कुठे सुरू झाली ते कसंबसं कळतं, संपली कुठे ते कळत नाही. त्यात उड्डाणपुलाच्या उताराला, गाडी आपसूक पळते तिथेच, पोलिसांनी स्पीडगन घेऊन उभं राहायचं. लोकांचा संताप खोटा नाही. भाजीची गाडी पहाटे वेळेत यार्डात पोचली नाही तर भाव पडतो, आणि दंडाचा मेसेज येतो तेव्हा त्या खेपेची कमाई त्यातच जाते. १ जुलै २०२५ ला राज्यातल्या वाहतूकदारांनी संप केला तो या ई-चलनांवरूनच. खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करू नका, असं त्याच महिन्यात पोलिसांच्या वरिष्ठांना आपल्याच लोकांना लेखी सांगावं लागलं. तक्रारीत दम असल्याशिवाय असं होत नाही.

म्हणूनच मेसेजचा जास्त राग येतो. ज्या नियमाने चालकाच्या हातात खरंच काही दिलंय, त्याचीच याने माती केली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७अ, ऑगस्ट २०२१ चा. त्यात लिहिलंय की वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं व्हायला हवं. कॅमेरा असलेल्या टप्प्याच्या आधी तसा इशारा देणारा फलक हवा. नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत पुरावा जपून ठेवायचा. पंधरा दिवसांची गोष्ट मेसेजवाल्याने इथूनच उचलली. पण उशीर झाला तर चलन आपोआप रद्द, असं वाक्य त्या नियमात नाही. उशीर हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे, तो तुम्ही मांडायचा असतो. न मांडलेला मुद्दा कोर्ट तुमच्या वतीने शोधत बसत नाही.

सहा महिन्यांचंही तसंच. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर कोर्टाने घेऊ नये, ही मुदत खरी आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४. पण ती कोर्टासाठी आहे. प्रकरण मुदतीत कोर्टात गेलं असेल तर तो प्रश्नच येत नाही, आणि उशीर माफ करायची सोयही कायद्यात आहे. संगणकावरचं थकीत चलन सहा महिने मोजून स्वतःला पुसत नाही. गाडी विकायला काढा, पहिली गोष्ट घेणारा नंबर टाकून तीच बघतो.

दिवसात एकच चलन, यावर काय लिहू? सकाळी आनेवाडी टोलच्या अलीकडे दंड पडला म्हणजे संध्याकाळपर्यंत सुसाट जायचा पास मिळाला का? चावीचं म्हणाल तर हिसकावून घ्या असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, हे कबूल. पण नोंदणी किंवा परमिट नसेल तर गाडी ताब्यात घ्यायचा अधिकार कलम २०७ ने दिलाय. कागद मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात, तेवढं केलं की हा वाद बहुतेक मिटतो.

ती लिंक उघडू नका. ती उघडली की एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल उतरते, आणि ते ॲप बसलं की बँकेचे मेसेज तुमच्याआधी भलतेच लोक वाचतात. चलन पाहायची सरकारी जागा म्हणजे परिवहनचं ई-चलन पोर्टल आणि महाट्रॅफिकचं संकेतस्थळ. दोन्हींचा पत्ता "जीओव्ही डॉट इन" ने संपतो.

भाच्याला घेऊन त्याच पोर्टलवर बसलो. एकेक फोटो मोठा करून पाहिला. बहुतेक त्याचेच, तक्रारीला जागा नाही. पण एका फोटोतल्या पिकअपला निळी ताडपत्री आणि मागे लोखंडी शिडी. याच्या गाडीला शिडी कधी नव्हतीच. नंबर नीट पाहिला तर ३ च्या जागी ८. दुसऱ्याच कुणाची गाडी! हे चलन एसएमएस आला त्याच दिवशी तक्रार टाकून उडवण्यासारखं होतं. याने मेसेजवर भरवसा ठेवून ते बाकीच्यांबरोबर पुसून टाकलं आणि निवांत बसला.

लोकअदालतीबद्दल एवढंच. तिथे तडजोड होते, कधी रक्कम कमीही होते, पण माफी हा हक्क नाही. आणि तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे शिडीवाल्या फोटोसारखं चुकीचं चलन तिथे अर्ध्या किमतीत मिटवून येण्यात काही शहाणपण नाही. त्यासाठी तक्रारीचा रकाना आहे. फोटो, आरसीची प्रत आणि आपल्या गाडीचा मागून काढलेला फोटो जोडून आम्ही ती टाकली. दाजींनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर नवा मेसेज टाकलाय, फास्टॅगवर.