‘मशीन बंद असेल तर सगळं शून्य’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लिनक्सवर अपॉइंटमेंटची आठवण टर्मिनलवरून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून), इंटरनेटशिवाय कशी ठेवायची, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तिचा सारांश इतर वाचकांसाठी देतो. ही सगळी कालबाह्य हौस आहे, फोनशी काही जुळत नाही, संकष्टी लावता येत नाही, आणि आपल्याच शब्दांत, “मशीन बंद असेल तर हे सगळं शून्य, उगाच लोकांना भलत्या वाटेला लावू नका.”

आधी शेवटच्या पाच शब्दांबद्दल. मतभेद असू द्या, पण भलत्या वाटेला लावणं हा आरोप आहे, आणि तो करण्याआधी लेख पूर्ण वाचण्याची अपेक्षा ठेवणं गैर नाही. आपण लिहिता, “क्रॉनमध्ये प्रत्येक अपॉइंटमेंट घालत कोण बसणार?” क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी तेच काम पुन्हा पुन्हा चालवणारी सेवा. तिच्यात अपॉइंटमेंट घाला, असं लेखात कुठेही सुचवलेलं नाही. सर्व्हरची देखभाल हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. क्रॉनचं काम का चुकलं, हे शोधून देण्याचेच मला पैसे मिळतात. तारखा पाठ ठेवणं हे क्रॉनचं काम नव्हे, हे मला शिकवण्याची गरज नव्हती.

एक गोष्ट मान्य. फोन खिशात असतो, लॅपटॉप नसतो. दिवसभर फिरतीवर असलेल्या माणसासाठी फोनचा गजर जास्त उपयोगी, यात वाद नाही. लेख मात्र टेबलाशी बसून काम करणाऱ्यांसाठी होता, आणि पहिल्याच परिच्छेदात तसं लिहिलेलं आहे.

आता “मशीन बंद असेल तर”. बंद म्हणजे नेमकं काय? पूर्ण बंद, की झोपलेलं? आणि त्या वेळी आठवण कोण देणार होतं? क्रॉन, अ‍ॅट आणि रिमाइंड ही तीन साधनं तीन तऱ्हेने वागतात आणि आपण त्यांना एकाच काठीने हाकलंत.

क्रॉनची वेळ मशीन बंद असताना टळली, की ते काम त्या दिवशी गेलंच. मशीन सुरू झाल्यावर तो मागचं काही भरून काढत नाही. रोजची, आठवड्याची कामं भरून काढायला अनाक्रॉन आहे, पण त्याला तास-मिनिटं कळत नाहीत, फक्त दिवस कळतात. दिलेल्या वेळी एखादं काम एकदाच चालवणाऱ्या अ‍ॅटचं उलट आहे. उद्या साडेदहाचं काम लावलं आणि त्या वेळी मशीन बंद होतं, तर सेवा पुन्हा सुरू झाली की ते काम लगेच चालतं. उशिरा, पण चालतं. दाताच्या डॉक्टरांकडे साडेदहाला जायचं असेल तर बाराला मिळालेल्या आठवणीचा उपयोग नाही, हे खरं. म्हणूनच आठवण ऐन वेळेची लावायची नसते, आदल्या दिवसापासूनची लावायची असते. रिमाइंड त्यासाठीच आहे.

रिमाइंड हा डायान स्कॉल यांचा, फाइलीत लिहिलेल्या ओळींवरून आठवणी देणारा प्रोग्रॅम. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो वापरात आहे आणि त्याच्या नव्या आवृत्त्या अजूनही येतात. ‘कालबाह्य’ला एवढं उत्तर पुरे. त्याची एक ओळ अशी (फाइलीत रोमन लिपीत लिहायची): ‘रेम १४ मार्च २०२७ +३ अ‍ॅट १७:०० +६० *१५ मेसेज दाताचे डॉक्टर’. तारखेनंतरचं ‘+३’ म्हणजे तीन दिवस आधीपासून सांग. वेळेनंतरचं ‘+६० *१५’ म्हणजे त्या दिवशी चार वाजल्यापासून दर पंधरा मिनिटांनी सांग आणि पाचला शेवटचं सांग. तीन दिवसांत एकदा जरी टर्मिनल उघडलं तरी अपॉइंटमेंट दिसते. मशीन बंद असण्याचा प्रश्न इथे बराचसा संपतो.

बहुतेकांचं बिनसतं ते दुसरीकडेच. ओळीत वर्ष लिहायचं राहिलं तर ती आठवण दर वर्षी येते, आणि नुसता ‘१४’ लिहिला तर दर महिन्याला. शेलच्या (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सुरुवातीच्या फाइलीत रिमाइंड नुसताच घातला, तर अपॉइंटमेंटच्या दिवशी प्रत्येक नव्या टर्मिनलबरोबर त्याची एक प्रत मागे चालू राहते आणि एकच सूचना पाच-सहा वेळा आदळते. तिथे ‘क्यू’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे तो फक्त यादी दाखवतो. वेळेवर सूचना द्यायला वेगळी एकच प्रत, ‘झेड’ पर्यायाने, लॉगिनबरोबर सुरू करायची. तिला ‘के’ पर्यायातून नोटिफाय-सेंड (पडद्यावर सूचना दाखवणारी आज्ञा) जोडायचं आणि त्या आज्ञेच्या शेवटी अँपरसँड (&) द्यायचा. नोटिफाय-सेंडऐवजी ओके दाबेपर्यंत थांबणारी खिडकी वापरत असाल आणि अँपरसँड विसरलात, तर पुढच्या सगळ्या सूचना त्या खिडकीमागे अडकतात. मग लोक म्हणतात, हे चालतच नाही.

झोपलेल्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. त्याला उठवता येतं. प्रशासक म्हणून आरटीसी-वेक ही आज्ञा चालवा, मोड ‘नो’ ठेवा आणि उठायची वेळ सेकंदांत द्या. ती आज्ञा फक्त मदरबोर्डच्या घड्याळात गजर लावते, मशीन लगेच झोपवत नाही. ही आज्ञा क्रॉनमध्ये घालणार असाल आणि तारखेवरून सेकंद काढायला तिच्यात टक्क्याचं चिन्ह वापरलं असेल, तर त्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्या, कारण क्रॉन टक्क्याला नवी ओळ समजतो आणि आज्ञा अर्ध्यावर तुटते. लॅपटॉपचं झाकण मिटलेलं असेल तर तो उठून बऱ्याचदा लगेच परत झोपतो. पूर्ण बंद मशीन असं उठेल की नाही, हे बायॉसवर (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमवर) ठरतं.

आपण ज्याचा उल्लेखही केला नाही तो खरा धोका घड्याळाचा आहे. इंटरनेट नसलं की वेळ दुरुस्त करणारं कोणी नसतं. जुन्या मशीनमधला, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपला की वीज तुटताच तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षात जाते आणि सगळ्या आठवणी मुकाट होतात. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर ते मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहून ठेवतं. लिनक्स तिला जागतिक वेळ समजून साडेपाच तास मिळवतं. सकाळचे दहा वाजले असताना मशीन दुपारचे साडेतीन सांगतं, आणि अकराची अपॉइंटमेंट त्याच्या लेखी होऊन गेलेली असते. टाइमडेट-कंट्रोल या आज्ञेतून मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे असं लिनक्सला सांगितलं की हे थांबतं. इंटरनेट असलेल्या मशीनवर ही चूक काही क्षणांत झाकली जाते, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही. ऑफलाइनला नावं ठेवायचीच होती, तर ती इथे ठेवायची होतीत.

उरलेलं थोडक्यात. संकष्टी: रिमाइंडला पौर्णिमा-अमावास्या काढता येते, तिथी नाही. पंचांग बघून वर्षाच्या बारा-तेरा ओळी एकदा भरा. दुसरा आणि चौथा शनिवार, बँकेच्या सुट्टीचे, मात्र दोन ओळींत होतात: ‘रेम सॅट ८’ आणि ‘रेम सॅट २२’, म्हणजे ८ किंवा २२ तारखेला अथवा त्यानंतर येणारा पहिला शनिवार. फोनशी जुळणं हा लेखाचा विषयच नव्हता.

आणि “यापेक्षा जुनं कॅलेंडर बरं” हे वाक्य. कॅलेंडर ही आज्ञा १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून आहे, मलाही आवडते, शुक्रवारी ती सोमवारपर्यंतचं दाखवते. पण तारीख आणि मजकूर यांच्यात टॅबच हवा. स्पेस दिल्या तर ती ओळ ती गुपचूप सोडून देते, चूक झाली असंही सांगत नाही. अपॉइंटमेंट अशा साधनावर सोडायला मी कोणाला सांगणार नाही. आपण सांगितलंत.

पुन्हा लिहिण्याआधी एक करा. उघडलेल्या सगळ्या फाइली साठवून आरटीसी-वेक ‘मेम’ मोडमध्ये १२० सेकंदांसाठी चालवा. लॅपटॉप दोन मिनिटांनी आपोआप उठतो की नाही ते पाहा, आणि नाहीच उठला तर लॅपटॉपचं मॉडेल, लिनक्सचं वितरण आणि त्याची आवृत्ती इथे लिहा. त्याचं उत्तर मी नक्की देईन.