आत्या, माईक बंद करा

चर्चमध्ये मला 'टेक्निकल बघणारे' म्हणतात. पात्रता एवढीच, की एका नाताळात प्रोजेक्टरची निघालेली वायर मी परत खोचली. त्याआधी मी शेवटून तिसऱ्या बाकावर सुखात होतो.

मग २०२० चा मार्च आला. जनता कर्फ्यू नेमका रविवारी, २२ तारखेला. पुढे १२ एप्रिलचा ईस्टरही घरातच. पाळकसाहेब म्हणाले, "ते झूमचं तुम्ही बघा." झूमची फुकटातली मीटिंग ४० मिनिटांत आपोआप बंद पडते आणि साहेबांच्या उपदेशात ४० मिनिटं म्हणजे प्रस्तावना. पहिल्याच रविवारी ते "आता मुख्य मुद्द्याकडे येऊ" म्हणाले आणि स्क्रीन काळी झाली. त्या दिवशी घराघरांत जेवणं वेळेवर झाली, एवढंच नोंदवतो.

उपदेशाचं निभलं, गायनाचं निभेना. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते अभंग-ओव्या बरोबर घेऊनच. तेव्हा विलायती चालीचं गीत एकवेळ चालेल, पण भजन म्हटलं की आम्हाला पेटी, तबला आणि टाळ हवाच. झूमच्या लेखी माणूस बोलला तर तो आवाज, बाकी सगळा गोंगाट. टाळ त्याने पंख्याच्या घरघरीत जमा करून गाळून टाकला. वर प्रत्येकाचा आवाज पोचणार आपापल्या नेटच्या सवडीने. सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली तेव्हा एक घर 'आमेन'ला पोचलं होतं आणि दुसरं अजून 'स्वर्गातील पित्या'पाशीच. सगळी आमेनं गोळा होईपर्यंत पाळकबाई चहा टाकून आल्या.

म्हणून नियम केला: एकाने गायचं, बाकीच्यांनी माईक बंद.

बाकीच्यांत आत्या येत नाहीत. आत्या म्हणजे अख्ख्या मंडळीच्या आत्या. वय ८४, मुक्काम पुण्याला लेकीकडे, गुडघे गेलेले. चर्च पुन्हा उघडलं तरी त्यांच्यासारख्यांसाठी लिंक चालू ठेवली आणि लॅपटॉप चर्चच्या स्पीकरला जोडला. आत्या फोन कानाला लावून उपासना ऐकतात, त्यामुळे पडद्यावर दीड तास एक कान आणि एक कुडी. होस्टला कुणालाही गप्प करता येतं म्हणे. मी माईक बंद करतो, आत्यांचा गाल लागून तो चालू होतो, आणि दहा आज्ञांच्या वाचनात सगळ्या चर्चला ऐकू येतं, "अगं, शेपू कितीला दिला त्याने?" गाताना तर त्या हमखास अर्धी ओळ मागे. आम्ही कडवं संपवून श्वास घ्यायचा आणि वरून स्पीकरमधून आत्यांनी ते एकटीने पूर्ण करायचं.

अशात कमिटीने अर्पणासाठी क्यूआर कोड लावला, सोबत तो बोलणारा डबा. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. डब्याने मत्तय वाचलेला नाही. सगळे माना खाली घालून शांत बसलेले, आणि हा खणखणीत आवाजात, "दहा रुपये प्राप्त झाले." दोन टोल्या, म्हणजे जेमतेम दमडी, दानपेटीत टाकणारी बायबलातली ती गरीब विधवा आज असती तर तिचंही जाहीर झालं असतं. डबा बंद करा, असं मी दोनदा सुचवलं. खजिनदार म्हणाले, "बघू." दहाचे पन्नास होऊ लागलेत, हे त्यांनी आधीच बघितलं होतं.

गेल्या रविवारी मला झूममधलं एक बटण सापडलं. ते दाबलं की लोकांना आपला माईक स्वतः चालूच करता येत नाही. दाबलं. पहिलं कडवं संपलं. तबलजीने ठेका धरून ठेवला, पेटीवाल्याने वर स्पीकरकडे पाहिलं. सगळं चर्च सवयीने अर्धी ओळ थांबलं होतं. वरून काहीच येईना.

तेवढ्यात डबा बोलला, "एक रुपया प्राप्त झाला."

दुसरं कडवं झालं. अर्ध्या ओळीने: "एक रुपया प्राप्त झाला."

तिसऱ्यानंतर खजिनदार फोन घेऊन माझ्या कानाशी आले. "पुण्याहून येतायत," ते कुजबुजले. "अजून दोन कडवी आहेत. चालू द्या, की बटण सोडता?"