दुरुस्तीला सोपी

माझी ट्रायम्फ स्पिटफायर ही दुरुस्तीला अतिशय सोपी गाडी म्हणून ओळखली जाते, आणि माझ्या बहुतेक सर्व हालअपेष्टांचे मूळ या सोपेपणात आहे. आजकालची गाडी बिघडली की माणसाला काही करता येत नाही. बॉनेट उघडावे तर खाली काळ्या प्लॅस्टिकचे आणखी एक झाकण दिसते. ते पाहून शहाणा माणूस बॉनेट लावतो, गॅरेजला फोन करतो आणि घरात जाऊन चहा पितो. माझ्या नशिबी हा चहा नाही. स्पिटफायरचे बॉनेट उचलले की दिव्यांसकट, दोन्ही मडगार्डांसकट गाडीचा पुढचा सगळा भाग पुढच्या बाजूला कलतो आणि इंजिन, स्टीअरिंग, सस्पेन्शन असा अख्खा संसार उघड्यावर येतो. चाकाच्या टायरवर आरामात बसून काम करता येते, असे या गाडीचे चाहते मोठ्या अभिमानाने सांगतात. ते खरे आहे. अडचण इतकीच आहे की सगळे दिसते, सगळ्याला हात पोहोचतो आणि त्यामुळे एकही काम दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

ही गाडी १९६२ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिचे रूप तूरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखाटले होते आणि १९८० पर्यंत ती कॉव्हेंट्रीतल्या कॅन्ली इथे तयार होत होती. माझी गाडी १९७८ ची, १४९३ सीसी इंजिनाची आणि ‘इन्का यलो’ या पिवळ्याधमक रंगाची आहे. मी कॅन्लीपासून अगदी जवळ राहते. परंतु तो कारखाना आता उरलेला नाही, आणि माहेर उठलेल्या मुलीची सगळी दुखणीखुपणी सासरच्यांनीच काढायची, या न्यायाने तिचा सांभाळ माझ्याकडे आला आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रस्त्याचा कर भरावा लागत नाही, आणि तिच्यात मोठे फेरफार केलेले नसतील तर मे २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती राहिलेली नाही. लोक याला सवलत म्हणतात. पूर्वी वर्षातून एकदा एक तिऱ्हाईत माणूस गाडीखाली शिरून दोष शोधत असे आणि उरलेले वर्ष निर्दोष जात असे. आता तो अधिकार माझ्याकडे आल्यामुळे दोष बारा महिने सापडत असतात.

निदान सुटे भाग मिळत नसते, तरी सुटका झाली असती. ‘काय करणार, पार्ट मिळत नाही’ हे वाक्य किती मोठे आश्रयस्थान आहे, हे ज्यांचे सगळे पार्ट मिळतात त्यांनाच कळते. या देशात स्पिटफायरचे जवळजवळ सर्व काही नव्याने बनवले जाते आणि रात्री मागवलेली वस्तू बहुधा दुसऱ्या दिवशी दारात येते. ती बसवायला सोपी असते. फक्त ती टिकत नाही. कारखान्यातून आलेला रबरी बुश, म्हणजे सांध्यातले धक्के झेलणारा तुकडा, चाळीस वर्षे इमानेइतबारे राबतो, त्याला वय झाले म्हणून आपण निरोप देतो, आणि त्याच्या जागी आलेला नवा बुश दुसऱ्या हिवाळ्यातच तडकतो. त्यात सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. त्यामुळे घरातली नवी गाडी साधे पेट्रोल पिते आणि या बाईसाहेबांना महागातले भरावे लागते.

हत्यारांची गोष्ट वेगळीच आहे. या गाडीचे बहुतेक नटबोल्ट इंचांच्या मापाचे आहेत, आणि माझा नवरा गिरीश याने सायकलीसाठी आणलेला पान्यांचा देखणा संच मिलिमीटरमधला आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ चा पाना त्या नटावर बसतो, आपला विश्वास संपादन करतो आणि खरा जोर लावण्याच्या क्षणी नटाचे सहाही कोपरे गोल करून मोकळा होतो. ७/१६ इंच म्हणजे ११.१ मिलिमीटर, त्यावर ११ चा चढत नाही आणि १२ चा नुसताच गरगर फिरतो. ही माहिती मी मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला काम सुरू होण्यापूर्वी ऐकवते. प्रत्येक जण समंजसपणे मान डोलावतो आणि १३ चा पाना उचलतो.

मदतीला माणसे येतात हाही सोपेपणाचाच परिणाम आहे. बंद डब्याजवळ कोणी थांबत नाही; उघड्या इंजिनाभोवती मात्र गर्दी जमते. पलीकडच्या घरातले आजोबा उमेदीच्या वयात कॅन्लीच्या कारखान्यात कामाला होते आणि आमचे बॉनेट उचलल्याचा आवाज त्यांना झोपेतही ऐकू येतो. चहाचा मग घेऊन ते कुंपणापाशी उभे राहतात आणि कोणतेही काम सांगितले तरी, ‘हे तर अगदी सोपे आहे,’ असे म्हणतात. एकदा ब्रेक दाबला की गाडीचा डावा इंडिकेटर मिणमिणू लागला. आजोबा म्हणाले की दिव्याची अर्थिंग गेली असेल. ते बरोबरच होते, कारण परतीची वाट गंजली की वीज शेजारच्या दिव्याच्या तारेतून वाट काढते आणि भलताच दिवा पेटतो. वायर घासून परत लावण्याचे ते काम दहा मिनिटांचे होते. परंतु तिथवर पोहोचण्यासाठी डिकीतला गालिचा काढावा लागला, गालिच्याखाली ओल सापडली, ओलीचा माग काढताना मागच्या दिव्याचे रबर कुजलेले आढळले आणि रबराखालच्या पत्र्यातून बोट आरपार गेले. आजोबा म्हणाले, पत्र्याचा तुकडा जोडणे अगदी सोपे आहे.

आणि अशातच गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून माझे सासू-सासरे राहायला आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरून परतले, बॉनेट उघडलेल्या गाडीसमोर थबकले आणि म्हणाले, ‘‘अगं सूनबाई, ही तर आपली हेरल्ड!’’ त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. स्पिटफायरची चासी ट्रायम्फ हेरल्डच्या चासीवरून घेतलेली आहे, आणि तीच हेरल्ड साठच्या दशकात मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने तयार होत असे. बाबांनी साखर कारखान्यात नोकरीला असताना एक जुनी हेरल्ड विकत घेतली होती. तिचेही बॉनेट असेच पुढे कलत असे आणि आमच्या घराण्यात उघड्या इंजिनाचे वेड तेव्हाच शिरले असावे. मी फक्त लग्नाने त्यात आले.

बाबांनी चष्मा लावला, पुढच्या चाकामागे बोट घातले आणि परीक्षकाच्या स्वरात विचारले, ‘‘इथे काय घालतेस?’’

‘‘तेल, बाबा. गिअरचं. ईपी ९०.’’

‘‘ग्रीस नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ठीक आहे,’’ असे म्हणून त्यांनी जवळची बादली उपडी घातली आणि तिच्यावर बैठक मारली. ती पुढे त्यांची कायमची जागा झाली. चाक ज्या उभ्या दांड्यावर असते, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते ट्रनियन नावाच्या एका कांस्याच्या तुकड्यात फिरतात. तिथे दाट तेलच हवे. ग्रीस त्या आट्यांत नीट पोहोचत नाही, पाणी शिरते, गंज चढतो आणि एके दिवशी वळण घेताना दांडा मोडून चाक आडवे होते. हातात ग्रीसची बंदूक आहे म्हणून कोल्हापूरच्या एका फिटरने बाबांच्या गाडीत ग्रीसच भरले होते, आणि आंबा घाट उतरल्यावर एका वळणावर हेरल्डचे डावे चाक मडगार्डाखाली शांतपणे निजले. गाडी सावकाश चाललेली होती म्हणून कोणाला लागले नाही. मात्र साखरप्याच्या एसटी स्टँडवर ट्रंकेवर बसून काढलेली ती दुपार सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत, आणि माझ्या गाडीत त्या आजवर बसलेल्या नाहीत.

सासूबाईंचा या प्रकरणाशी संबंध स्वयंपाकघरातून आला. इंजिन नेहमीपेक्षा गरम होऊ लागल्यामुळे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापले की थंड करणाऱ्या पाण्याची वाट उघडणारी झडप, तपासणे भाग होते, आणि ती तपासणी, अर्थातच, घरच्या घरी सहज करता येते: थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा, गॅस लावायचा आणि ८२ अंशांच्या आसपास त्याची झडप उघडते का ते पाहायचे. मी चहाचे जुने पातेले घेतले. सासूबाई जपमाळ ओढत मागे येऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

‘‘झालं का गं?’’ त्यांनी अखेर विचारले.

‘‘नाही आई, अजून सत्तरच आहे.’’

‘‘एव्हाना बटाटे शिजले असते.’’

थोड्या वेळाने पितळी तबकडी हळूच वर उचलली गेली, आणि त्या क्षणी सासूबाईंच्या तोंडून ‘अगं बाई!’ असा जो उद्गार निघाला, तो मी या गाडीला मिळालेली सर्वोच्च दाद समजते. थर्मोस्टॅट निर्दोष निघाला, म्हणजे बिघाड अन्यत्र होता. पातेले मात्र कायमचे गॅरेजच्या खाती जमा झाले.

परंतु सोपेपणाचा खरा कस लागतो तो ब्रेकची हवा काढताना. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागते, आणि बदलताना नळ्यांत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पेडल स्पंजासारखे दबते. एक माणूस सीटवर बसून पेडल दाबतो. दुसरा चाकाशी आडवा पडून हवा सोडायचा छोटा स्क्रू, म्हणजे निपल, सैल करतो, तेलाबरोबर हवा पारदर्शक नळीतून लोणच्याच्या बरणीत उतरते, निपल पुन्हा आवळला जातो आणि मगच पेडलवरचा पाय वर यायचा असतो. पाय आधी वर आला तर बाहेर गेलेली हवा परत आत शिरते. हे सुरुवातीच्या चाकापासून, म्हणजे मुख्य सिलिंडरपासून सर्वांत दूर असलेल्या मागच्या डाव्या चाकापासून, चारही चाकांना करायचे असते. पायाचे काम गिरीशकडे होते. तो हिशेबनीस आहे, सूचना बारकाईने पाळतो, आणि त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार सूचनांच्या संख्येबद्दल आहे.

मी गाडीखालून ‘‘दाब’’ म्हणत होते. बादलीवरून बाबा ‘‘मार पंप, मार पंप, आता धर!’’ असे ओरडत होते, कारण कोल्हापुरात हवा तशीच काढतात. कुंपणापलीकडून आजोबा कारखान्याच्या पद्धतीने इंग्रजीत आकडे मोजत होते. गिरीशने सुरुवातीला तिघांचेही मन राखण्याचा प्रयत्न केला, मग तो फक्त माझे ऐकू लागला आणि सगळे सुरळीत चालले. मागची दोन्ही चाके झाली. पुढचे डावे झाले. शेवटच्या चाकाचा निपल मी सैल केला, बरणीत बुडबुड्यांशिवाय स्वच्छ तेलाची धार उतरू लागली आणि नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाईंनी हाक मारली, ‘‘गिरीश, चहा झालाय, ऊठ!’’

चाळीस वर्षांचे संस्कार होते. तो उठला.

नळीतली धार जागच्या जागी थांबली, मागे वळली आणि एक टपोरा बुडबुडा माझ्या डोळ्यांसमोरून सावकाश आत निघून गेला. चहा सगळ्यांनी घेतला. मी आडव्यानेच घेतला. मग ते चाक पुन्हा पहिल्यापासून केले आणि संध्याकाळी पेडल असे कडक झाले की बाबांनी स्वतः उठून ते दाबून पाहिले आणि सर्वांना शाबासकी दिली.

इथे थांबता आले असते. पण बॉनेट अजून उघडेच होते. आजोबा आता कुंपण ओलांडून आत आले होते. त्यांनी इंजिनाच्या पुढच्या पुलीवर नजर लावली आणि गिरीशला सहज म्हणून क्लच दाबायला सांगितला. पुली पुढे सरकली. क्लच सोडताच ती मागे गेली. त्यांनी पुन्हा दाबायला सांगितला आणि पुली पुन्हा सरकली. या इंजिनात क्रँकशाफ्टला, म्हणजे ज्याच्या टोकाला ती पुली असते त्या मुख्य फिरत्या दांड्याला, पुढेमागे सरकण्यापासून रोखणाऱ्या दोन अर्धचंद्राकृती पट्ट्या असतात. त्या झिजल्या आणि दुर्लक्ष झाले तर खाली तेलात गळून पडतात आणि मग क्रँकशाफ्ट इंजिनाचा गाभाच कुरतडू लागतो.

‘‘इंजिन उतरवायला लागणार?’’ गिरीशने हताशपणे विचारले.

‘‘छे!’’ बाबा आणि आजोबा आपापल्या भाषेत एकदमच म्हणाले. खालून ऑइलचे चेंबर काढायचे, मागच्या बेअरिंगची टोपी सोडायची आणि जुन्या पट्ट्या सरकवून नव्या घालायच्या. इंजिन जागेवरच राहते. दोघांनी एकमेकांकडे आदराने पाहिले.

नव्या पट्ट्या मी त्याच रात्री मागवल्या. बाबांचे परतीचे विमान त्या आठवड्याच्या अखेरीस होते. त्यांनी मुंबईच्या एजंटाला फोन करून तिकिटाची तारीख पुढे ढकलली, आणि सासूबाईंना मात्र असे सांगितले की सूनबाईला घरकामात मदत हवी आहे.